पाय टेकू नका

डॉक्टर केसपेपरवर औषधं लिहायचे, पुढची तारीख टाकायचे आणि उरलेल्या कोपऱ्यात तीन शब्द खरडायचे: पाय टेकू नका. गोळ्या कधी घ्यायच्या ते मेडिकलवाला सांगायचा. हे तीन शब्द कसे पाळायचे ते सांगणं माझ्या वाट्याला यायचं. माझी नर्सिंगची नोकरी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाली. सुरुवात ग्रामीण रुग्णालयात आणि नंतरची बरीच वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये, जिथं पायांची वेगळी ओपीडी चालायची. आता घरी असते, आणि येणारी-जाणारी विचारतात, "सिस्टर, पायाला कुठलं मलम लावू?" मलमांची नावं तोंडपाठ आहेत, सांगते. पण सांगताना ठाऊक असतं की तळपायाची जखम मलमाची वाट बघत नसते. ती स्वच्छ ठेवली, साखर आटोक्यात आणली आणि तिच्यावरचं वजन काढलं की बहुतेक वेळा आपली आपण भरत येते. पहिल्या दोन गोष्टी दवाखान्याला जमतात. तिसरी जमवायची तर माणसाला कामावरून उठवावं लागतं.

पायाचं दुखणं हे बहुतेक वेळा कामाचं दुखणं असतं. इचलकरंजीहून येणारा मागावरचा कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत उभा असायचा. त्याच्या पोटरीवर निळ्या शिरा गाठी होऊन वर आलेल्या आणि घोट्याच्या आतल्या अंगाला, हाडाच्या जरा वर, काळपट पडलेल्या कातडीत एक न भरणारी जखम. मार्केट यार्डातल्या हमालाचा चवडा फताडा झालेला, बोटांच्या मुळाशी घट्टे. मांडी घालून काम करणारा, मग तो सोनार असो की पूजा सांगणारे गुरुजी, त्याच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर काळा घट्टा हमखास. बंदोबस्तावरून थेट आलेल्या पोलिसाचा बूट काढला की बोटांमधली कातडी पांढरीफेक, भिजून सुटलेली. स्टुलावर बसून समोरचा पाय मांडीवर घेतला की निम्मी हकीकत तिथंच कळायची. म्हाताऱ्या माणसांना मात्र ते फार अवघड जायचं. "माझ्या पायाला हात नगा लावू, पाप लागंल," म्हणत पाय मागं ओढायची, आणि मी धरून ठेवलाच तर दोन्ही हात जोडून बसायची. जखम धुवायला जितका वेळ लागायचा तितकाच हे आवरायला.

ज्यांना वाकता येत नाही आणि ज्यांची नखं कापायला घरात कुणाला सुचत नाही, त्यांचं दुखणं तर कुठल्याच केसपेपरवर येत नाही. एका आजींच्या अंगठ्याचं नख मेंढ्याच्या शिंगासारखं वळून शेजारच्या बोटात घुसलं होतं. घरात दोन सुना, नातवंडं. सणावाराला पाया सगळेच पडत. कोमट पाण्यात पाय भिजवून, कडेकडेनं तुकडे पाडत ते नख काढायला अर्धा तास गेला. पायाचं नख सरळ आडवं कापावं, कोपरे खोल खोदू नयेत, एवढं पाळलं तरी नख मांसात रुतायचं बरंच टळतं. आमच्याकडे पुरुषमंडळी दाढीचं जुनं ब्लेड घेऊन हेच कोपरे कोरत बसतात आणि मग पू घेऊन दवाखान्यात येतात. आणि नखाला बुरशी लागली असेल तर घाई करून उपयोग नाही. अंगठ्याचं नख मुळापासून नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून औषध सोडणारे सगळ्यात जास्त.

कुरपाचं मात्र उलटं. ते दुखतं, चांगलं ठणकतं, म्हणून माणूस लगेच येतो. दाब सतत एकाच ठिकाणी आला की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते आणि मधोमध कठीण होऊन आत टोक धरते. ते टोकच मग सलतं. ब्लेडनं वरचे थर अलगद खरवडून मधला कण काढला की माणूस टेबलावरून उतरतो, दोन पावलं चालून बघतो आणि म्हणतो, निम्मं दुखणं गेलं. दीड-दोन महिन्यांनी तोच माणूस परत, कारण पायातली चप्पल तीच. कधी कधी कुरूप म्हणून दाखवलेली गाठ चामखीळ निघते. कुरूप वरून दाबलं की कळ येते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. वरची कातडी खरवडल्यावर बारीक काळे ठिपके दिसले तर चामखीळच, आणि ती पसरते, म्हणून घरातल्या एकाच वज्रीनं सगळ्यांनी पाय घासू नयेत.

कुरपावर आणि भेगांवर गावात काय काय लावतात त्याचा एक ग्रंथ होईल. काटा मोडला तर रुईचा चीक, भेगेत मेण आणि राळ, आणि सगळ्यावर उतारा म्हणजे बिब्बा. बिब्ब्याचा मी धसका घेतला होता. तापवलेल्या बिब्ब्याचं तेल टाचेत चरकन भरलं की कळ थांबते असं सांगतात, आणि काहींची थांबतेही. पण बिब्बा उतला तर घोट्यापर्यंत फोड येतात. ज्याच्या पायाची संवेदना गेलेली आहे त्याला चटका किती खोल गेला तेच कळत नाही. दुकानात मिळणाऱ्या कुरपाच्या पट्ट्यांचंही तसंच. त्यातलं आम्ल कुरूप खातं तसं चांगली कातडीही खातं. मधुमेह असलेल्यांनी त्या पट्टीला हात लावू नये, हे मी केसपेपर बघायच्या आधीच सांगून टाकायचे.

भेगा बहुतेक बायकांच्या. टाचेच्या कातडीखाली चरबीची गादी असते. उभं राहिलं की ती दाबली जाऊन चहूबाजूंनी पसरते. कडेची कातडी मऊ असेल तर तिच्याबरोबर ताणली जाते, कोरडी आणि जाड असेल तर फाटते. दिवसभर शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहणं, भांड्यांचं आणि धुण्याचं पाणी पायावर, आणि बाहेर जाताना मागून उघडी चप्पल. भेगा पडणार नाहीत तर काय होईल? रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून, वज्रीनं हलक्या हातानं घासून, ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा युरियाचं क्रीम चोळायचं आणि वर सुती मोजे घालून झोपायचं. मात्र पाय बधिर असेल तर भिजवणं आणि वज्री दोन्ही बंद, नुसतं क्रीम. कोकणातल्या बायकांना यातलं काही नवं नाही. त्यांच्याकडे कोकमाचं मुठेल असतंच; तो गोळा जरा तापवून टाचेला लावतात. मला त्यात खोट दिसली नाही, फक्त तापवलेलं तेल आधी मनगटावर घेऊन बघावं.

क्रीमपेक्षा अवघड होतं ते घरात चप्पल घालायला लावणं. "सैपाकघरात पायताण? सासू जीव घेईल." यावर मी एक तोड काढली होती. दुकानातून नवी कोरी मऊ स्लीपर आणायची, तिला उंबऱ्याबाहेरची माती लागूच द्यायची नाही, आणि देवघरापाशी काढायची. काही घरांत चाललं. एका घरात सासूनंही आपल्यासाठी जोड मागवला.

ग्रामीण रुग्णालयात असताना पावसाळा आला की पाटणच्या डोंगरपट्ट्यातून चिखल्या घेऊन माणसं यायची. भाताच्या लावणीत दिवस दिवस पाय चिखलात. करंगळीच्या बेचक्यापासून सुरू होतं: कातडी पांढरी पडते, भिजून सोलते, खाली लाल चिरा, खाज आणि वास. गमबूट घाला म्हणणं सोपं, पण लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो आणि नुसता पाय वर येतो. इथंही पाय टेकू नका म्हणजे लावणी करू नका, आणि लावणी काही सर्दी-पडशासाठी थांबत नाही, पायासाठी कशाला थांबेल? मग तडजोड. शेतात उतरण्याआधी पायाला तेलाचा हात, दुपारी भाकरीला वर आल्यावर आणि संध्याकाळी पाय स्वच्छ पाण्यानं धुणं, आणि जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यानं एकेक बेचकं कोरडं करणं. मग बुरशीचं क्रीम पातळ लावायचं. बेचक्यात व्हॅसलीन नाही. तिथं ओल कोंडायची नसते. बायका मेंदी लावून यायच्या. मेंदीनं कातडी कोरडी राहते, थोडा उतार पडतो, म्हणून मी ती कधी खरवडून काढायला लावली नाही. घाटाखाली, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, याच चिरांना आणखी एक भीती असते. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा चिरांतून शरीरात शिरतात. तिथं लावणीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आठवड्यातून एकदा देतात त्या यासाठीच.

आषाढी वारीत आमचं एक पथक लोणंद-फलटणच्या टप्प्यावर असायचं. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाते, त्या लांबच्या टप्प्यात पहिले फोड येतात. नीरा ओलांडून आमच्यापर्यंत पोहोचेतो ते फुटून, रस्त्याची कच भरून बसलेले. वर्षानुवर्षं वारी करणाऱ्यांचे पाय ठणठणीत असायचे. वारीसाठी खास नवे बूट घेतलेल्यांचे हाल. फोड लहान असेल तर हात लावायचा नाही. मोठा, ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं, पण वरची कातडी काढायची नाही, तिच्यापेक्षा चांगली पट्टी कुठल्या कंपनीनं बनवलेली नाही. आमच्याबरोबरच्या एका तरुण डॉक्टरांनी एका आजोबांना दोन दिवस विश्रांती सांगितली. आजोबांनी शांतपणे विचारलं, "माउली, दोन दिवस पालखी थांबंल का माझ्यासाठी फलटणला?" डॉक्टरांनी फेल्टची चकती कापली, मधे फोडाएवढं भोक पाडलं, ती फोडाभोवती चिकटवली आणि आजोबांना वाटेला लावलं. माझ्या मते त्या दिवशी ते डॉक्टर पायांचं वैद्यक शिकले. पाय टेकायचाच असेल तर कुठं टेकायचा नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

त्याच पथकाच्या मांडवाखाली मला भीती वाटायची ती न कण्हणाऱ्यांची. एका वारकरी काकांची चप्पल शिवून द्यायला मांडवाशेजारी बसलेल्या दादांनी तळातून वर आलेला खिळा काढून आमच्याकडे दाखवायला आणला. पाय बघितला तर चवड्यात खिळ्याएवढं भोक, भोवती पू. काका त्या खिळ्यावर सासवडहून चालत आले होते. "दुखतच न्हाई ओ सिस्टर, मग काय दाखवायचं?" साखर कित्येक वर्षांची. मधुमेहानं पायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात. आधी मुंग्या, रात्री आग, आणि मग काहीच नाही. आग थांबली की माणसाला वाटतं बरं झालो.

ती संवेदना तपासायचं आमचं हत्यार म्हणजे नायलॉनचा एक तंतू. तो कातडीवर टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅम वजनाला वाकतो. पेशंटला डोळे मिटायला सांगायचे, अंगठ्याच्या पेराला, बोटांच्या मुळांशी तंतू टेकवायचा आणि विचारायचं, "लागलं का?" कंप पावणारा 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा. पायाच्या वरच्या अंगाला आणि आतल्या घोट्यामागं नाडी चाचपायची. पाच-सात मिनिटांचं काम, खर्च जवळपास शून्य. मी बघितलेली गंमत अशी की बरेच जण डोळे मिटूनही अंदाजानं "लागलं, लागलं" म्हणत राहायचे. मग मी तंतू न टेकवताच विचारायचे. तरी "लागलं." शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा, आणि पुढं पायाची काळजी तीच घ्यायची.

बधिर पायाचं सगळं शहाणपण आपल्याकडे आलं ते कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून. डॉ. पॉल ब्रँड हे 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं आणि पाय रोगानं सडून झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी बारकाईनं पाहिलं आणि दाखवून दिलं की न कळलेल्या इजा आणि एकाच जागी येणारा दाब यांनी पाय जातो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून नेतात हेही त्यांच्याकडे उघड झालं, आणि घरी जाणाऱ्या पेशंटला बरोबर मांजर दिलं जाऊ लागलं. हे ऐकलं तेव्हा मला गोष्टच वाटली होती. नंतर मीच मधुमेहाच्या दोन पेशंटच्या पायांवर उंदराचे दात बघितले. पुढं 1966 मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेच उपाय मधुमेहाच्या पायांनाही लागू पडतात हे तिथं सिद्ध झालं. गुडघ्याखालपर्यंत पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालायचं, म्हणजे चालताना वजन एका टिंबावर न येता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं. जंतुसंसर्ग नसेल आणि रक्तपुरवठा नीट असेल तर वर्षभर न भरलेली जखम अशा प्लास्टरमध्ये दीड-दोन महिन्यांत भरलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. मलम न लावता.

रक्तपुरवठा नसेल तर हे सगळं मुसळ केरात. बिडी ओढणाऱ्या तरण्याताठ्या पोरांच्या पायाची बोटं काळी पडून यायची. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडून कण्हत बसायची, कारण आडवं झालं की कळ वाढते. त्यांना मी पाय टेकू नका म्हणत नव्हते, बिडी टेकवू नका म्हणायचे.

जखम भरल्यावर ती परत होऊ नये म्हणून एमसीआर रबराची चप्पल. मऊ तळ, मागं पट्टा, अंगठ्यात अडकवायचं काही नाही. कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी बधिर पायात तिचा अंगठा म्हणजे जखमेला निमंत्रण. पण ही चप्पल गावोगावी लोकांच्या ओळखीची, कुष्ठरोग्यांना दवाखान्यातून मिळते ती. एका बाईंनी माझ्यासमोर ती पिशवीत घातली आणि फाटकाबाहेर जाऊन बदलली. "आमच्या गल्लीत कळलं तर पोरीचं लग्न जमायचं न्हाई." त्यांची चूक म्हणवत नाही. आमच्याकडे चप्पल बनवणारे एक मामा होते, त्यांनी मग वरचे पट्टे तपकिरी चामड्याचे आणि एका बाजूला बक्कल असे करून द्यायला सुरुवात केली. तळ तोच, ओळख गेली. तेव्हापासून चपला पायात दिसू लागल्या.

नवरात्रानंतरचा आठवडा आम्हाला आधीच ठाऊक असायचा. नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नेम, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणं, आणि ऑक्टोबरातला तापलेला डांबरी रस्ता. बधिर तळव्यावर फोड आलेले असतात आणि माणूस आईच्या कृपेनं काही झालं नाही म्हणत असतो. नेम मोडा म्हणून सांगितलं की तो माणूस पुन्हा ओपीडीत येत नाही. मी म्हणायचे, नेम चामडं न घालण्याचा आहे ना, मग जाड सुती मोजे घाला, दुपारी बारा ते चार सावलीत बसा, आणि दर्शनाच्या रांगेत दगडावर पाणी टाकलंय का बघून पाऊल टाका. यातलं किती पटायचं कोण जाणे, मोजे मात्र घालायचे.

शिरांच्या जखमेवर औषध म्हणजे ताणाची पट्टी आणि पाय वर करून बसणं, हृदयाच्या पातळीच्या वर. मागावरच्या कामगाराला ते पाळीत शक्य नाही हे उघड आहे, पण घरातल्या सुनेलाही शक्य नव्हतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं. "मामंजींसमोर पाय वर करून बसू व्हय?" बसायला वेळ नाही हे एक, आणि तसं बसणं शोभत नाही हे दुसरं. मग डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घेतलं आणि तो कागद सासऱ्यांनाच वाचायला दिला. डॉक्टरांच्या शिक्क्याखाली मर्यादा सुटली. त्यांनी स्वतः खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा घातल्या, सून पुढच्या वेळी हसत सांगत होती.

एक पाय मात्र असा असतो की तिथं कसलीच तडजोड करता येत नाही. पाय सुजलेला, लाल, हाताला दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो, आणि दुखणं जेमतेम. बहुतेकदा संधिवात किंवा गाऊट म्हणून गोळ्या चालू असतात. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत असतो. पायात 26 हाडं. ती ढासळली की तळव्याची कमान उलटी होते आणि मग जन्मभर मधोमध जखम. तिथं पाय टेकू नका म्हणजे खरोखर टेकू नका.

असाच टेकायला नको असलेला पाय घेऊन एकदा ऊसतोडीचा एक गडी आला, बीडकडचा, तिशी-पस्तिशीतला. सूज कमी होती, पण चवड्याखाली उसाचा बुडखा घुसून झालेली जखम हाडापर्यंत. साखर त्याला त्याच दिवशी कळली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो. तो बसला तर कोयताच बसतो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची राहते. मी त्याला प्लास्टरचं समजावत होते आणि तो बायकोकडे बघत होता. शेवटी तीच बोलली, "सिस्टर, ह्यो बसला तर आमचं खातं पुढच्या साली जातंय. त्ये तुम्ही मुकादमाला सांगा."

मुकादमाला बोलावून घेतलं. आला, हे विशेष. आमच्या डॉक्टरांनी त्याला एक्स-रे दाखवला आणि पाय गेला तर उचल कोण फेडणार, एवढंच विचारलं. हा हिशेब त्याला लगेच समजला. ठरलं ते असं: गड्याचा भाऊ वहिनीबरोबर तोडीला उभा राहील, हा फडात सावलीला बसून वाढ्याच्या पेंढ्या बांधेल, मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचं नाही. बायकोनं वाढं विकून येणारे पैसे स्वतःकडे ठेवायचे, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. आधी जखम धुऊन मेलेलं मांस काढलं, जंतुसंसर्ग उतरल्यावर प्लास्टर घातलं. तो आठवड्याला ट्रॅक्टरवर बसून यायचा. प्लास्टरचा तळ नेहमी झिजलेला आणि चिखलानं माखलेला. म्हणजे टेकत होता. डॉक्टर चिडायचे, मी तळ बघून गप्प बसायचे. पेंढ्या बांधायलाही फडापर्यंत चालावं लागतंच. हंगाम संपेतो जखम हरभऱ्याएवढी उरली होती. मामांनी चप्पल करून दिली आणि टोळी गावाकडे गेली. मोबाईल नंबर होता, तो लागला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर त्याची बायको एकटीच ओपीडीत आली. ती या खेपेला दिराच्या कोयत्यावर होती. नवरा गावाकडे शेरडं राखतो, म्हणाली, जखम भरली, मधे एकदा उकलली होती, परत भरली. पिशवीतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला तोच चपलांचा जोड काढला. चवड्याखालचा रबर पार बसून पातळ झाला होता, टाचेचा पट्टा सुतळीनं शिवलेला. "तळ नवा घालून मागितलाय त्यानं," ती म्हणाली, "अन् बक्कल जरा मोठं. मोज्यावरनं बसत न्हाई." मामांनी जोड उलटापालटा करून बघितला आणि तिला गुरुवारी यायला सांगितलं. गुरुवारी गाळप चालू असणार, म्हणून मग बुधवार ठरला.